अकोल्याचा चहा, जो मी प्यायले नाही

बाबांसोबत अकोल्याला जायचं ठरलं माझ्याच सोयरिकीसाठी, मुलाचं घर पाहायला. बडनेऱ्याच्या घरून निघतानाच रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांनी बजावलं, "तिथं भट्टीचं नाव काढू नको. ऑफिसात आहो म्हण."

ही भट्टी म्हणजे माझी नोकरी. नव्या धाटणीच्या अणुभट्ट्यांसाठी खसखशीएवढे इंधनाचे दाणे बनतात, वर कवचाचे थर देऊन. आम्ही प्रयोगशाळेतल्या भट्टीत ते फुटेस्तोवर तापवतो आणि काय गळतं ते मोजतो. उद्या अपघात झाला तर कवच टिकेल का, हे आधी कळायला नको? यात लपवायचं काय, सांगा!

तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, खिडकी मिळते. आमचा दह्यातला गिला वडा मूर्तिजापूरच्या आतच संपला. स्टेशनाबाहेर शेअर ऑटो असतात. ऊन फार, डोक्याला दुपट्टा मात्र बांधाच.

मुलाकडे स्वागत झकास झालं. मग चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या कपात, मला एकटीला कागदी.

"तू अणूचं काम करतं म्हणून आयकलं," मुलाची आई म्हणाली. "राग नको मानू बाई, घरात लहान लेकरं आहेत."

डोकंच फिरलं माझं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि माझ्या हातात वेगळा कप!

"मावशी, माह्या आजोबाले गावात वेगळ्या कपात चहा भेटे. तुमच्या घरच्याइलेही भेटला असन. मंग मले कावून तोच देऊन राहिल्या?"

मुलगा चाचरत म्हणाला, "नोकरी सोडली तर काही प्रश्नच नाही."

"नाही सोडत. आमच्या अंगावरचा किरणं मोजणारा बिल्ला नेमानं तपासतात. भेव वाटते तर विचारा, सगळं सांगतो. पण या कपात मी चहा पेत नाही."

मावशी दुसरा कप आणायला उठल्या नाहीत. मी उठले.

आलोच आहोत तर म्हणून बाबांना बसनं बाळापूरचा किल्ला दाखवला. पाणी सोबत न्या. बुरुजावर मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी बडनेऱ्यात, फाटकाशीच शेजारच्या काकांनी विचारलं, "जमलं का?"

"नाही," बाबा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माही पोरगी भट्टीत अणूचं इंधन तापोते. लोकाइच्या जिवासाठी. त्याइले नाही समजलं."

घरात येऊन त्यांनी एकच कप चहा केला. स्वतःसाठी बशीत ओतून घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला.