आपला चेंडू असला की गप्प

व्हर्लीन कोपेत्स्कीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, यावर गावात दोन मतं होती. धान्याच्या गोदामात ट्रक वजन करायच्या काट्यावर ती एकतीस वर्षं बसत होती. सप्टेंबर लागला की दर शनिवारी जांभळा स्वेटर चढवून कॉलेजच्या फुटबॉल मॅचला हजर, आणि थंडी पडली की शनिवारी दुपारी काट्याच्या खोलीत रेडिओवर ऑपेरा. मॅचचा हंगाम डिसेंबरापर्यंत लांबला तर एका कानात रेडिओचा इअरफोन खुपसून ती स्टेडियममध्ये रडायची. कशासाठी रडतेय ते शेजाऱ्यांना कळायचं नाही. तिलाही नेमकं सांगता यायचं नाही.

“ही गाणारी बाई मरायला एवढा वेळ का लावतेय गं?” मक्याचा ट्रक घेऊन आलेल्या डॅरिल टिमन्सनं एकदा रेडिओकडे बघून विचारलं होतं.

“मरू दे की तिला नीट. तुझा मका काय पळून चाललाय?”

हा डॅरिल स्टेडियममध्येही तिच्याच रांगेत बसायचा. त्या रांगेवर व्हर्लीनचा वचक होता. चेंडू आपल्या पोरांकडे असला की चिडीचूप बसायचं, कारण त्यांना एकमेकांचे इशारे ऐकू यायला हवेत. चेंडू समोरच्यांकडे गेला की घसा फाटेस्तोवर बोंबलायचं. व्हर्लीननं दोन्ही तळवे खाली दाबले की अख्खी रांग तोंड मिटायची, भले मग हातातली कॉफी का सांडेना.

मार्ना तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर आठ वर्षांची होती. तेव्हापासून घरात दोघीच. आता ती त्याच कॉलेजात गाणं शिकत होती आणि यंदाच्या ऑपेरात तिला मुख्य भूमिका मिळाली होती. शिकागोहून एक बाई तिला ऐकायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर जानेवारीत मार्ना तिकडे पुढचं गाणं शिकायला जाणार, चार वर्षांसाठी. व्हर्लीन महिनाभर भेटेल त्याला हे सांगत सुटली होती, आणि घरी आल्यावर मात्र मार्नाच्या खोलीच्या दारात उगाच उभी राहायची.

रविवारी दुपारी दोनला ऑपेराचा खेळ होता. आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये व्हर्लीनचा आवाज पार बसला होता. तिनं आपली सगळी सात जणांची रांग तिकिटं काढून आणली होती, जांभळ्या स्वेटरांसकट.

“इथं बोंबलायचं कधी?” डॅरिलनं विचारलं.

“माझ्याकडे बघ. मी करीन तसं कर.”

पहिल्या अंकाच्या शेवटी मार्नाचं मोठं गाणं आलं. शेवटचा वरचा सूर तिनं असा लावला की व्हर्लीनच्या अंगावर सरसरून काटा आला. गाणं संपलं. मागं कुणीतरी एक टाळी वाजवली. डॅरिलनं हात उचलले, आणि व्हर्लीनचे दोन्ही तळवे खाली दाबले गेले.

सातही जण जागच्या जागी थिजले. पुढची रांग गप्प बसलेली पाहून मागच्यांना वाटलं, इथं टाळ्या वाजवायच्या नसतात वाटतं. सभागृह शांत. मार्ना मावशीच्या हातांकडे बघत उभी राहिली. मग वाद्यं पुढं वाजू लागली.

मध्यंतरात व्हर्लीन रंगपटात गेली. मार्ना आरशासमोर बसली होती.

“तू लोकांना थांबवलंस, मावशी.”

“अगं, सवय झालीय हातांना. चेंडू आपला असला की... आणि त्या गाण्याचा दुसरा भाग असतो ना, जलद? मला वाटलं, तुला दम घ्यायला मिळावा.”

“तो भाग सरांनी कापलाय. बुधवारी जेवताना मीच सांगितलं तुला. तू हसलीससुद्धा, बरं झालं म्हणालीस.”

सांगितलं होतं खरं. व्हर्लीनला त्या जेवणातला राजम्याच्या रश्श्याचा वाडगाही आठवला.

“मी जाऊ नये असं वाटतं का तुला?”

“जावंस असंच वाटतं गं,” व्हर्लीन म्हणाली. “देवाशप्पथ वाटतं. मग हे हात कुणी खाली केले, मला कळत नाहीये.”

मार्नानं डोळ्यांखालचं काजळ पुसलं, पण ते आणखीच पसरलं.

व्हर्लीन बाहेर आली. शिकागोच्या बाई कॉफीच्या टेबलाशी वही उघडून उभ्या होत्या. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“टाळ्या मी थांबवल्या,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “लोक वाजवणारच होते. तसं लिहा तुमच्या वहीत.”

“आपण कोण?”

“तिची मावशी. मीच वाढवलंय तिला.”

बाईंनी तिच्या जांभळ्या स्वेटरकडे पाहिलं. “मग का थांबवल्या?”

व्हर्लीननं तोंड उघडलं. फुटबॉलचं सांगावं असं आधी तिच्या मनात आलं.

“फार चांगली गायली हो ती,” ती म्हणाली. “म्हणून.”