बागेसमोरचा प्लॉट

नातवंडांनो, परवा फोनवर तुमच्या आईने सांगितलं, की मोठीला शाळेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे. घरं-जमिनींच्या खरेदीविक्रीतलं काहीतरी घ्यायचं तिने ठरवलंय, पण नेमका विषय सुचत नाहीये. "मी तिला सांगितलंय, सोपा विषय घे," तुमची आई म्हणाली. त्यावर मी फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती.

का ठेवला ते आता क्रमाने सांगते. मला अर्धवट सांगितलेलं आवडत नाही.

आजोबा पाटबंधारे खात्यात होते. इंदापूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची बरीच वर्षं गेली. मग बारामतीला बदली झाली आणि इथेच घर बांधायचं ठरलं. गावाबाहेर एका बागायतदाराने आपल्या उसाच्या शेताचे प्लॉट पाडले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी पत्र्याचा मोठा बोर्ड लावला होता. त्यावर सगळे प्लॉट पांढऱ्या चौकोनांनी दाखवलेले आणि मधोमध एक हिरवा तुकडा. हिरव्यात दोन नारळाची झाडं, एक घसरगुंडी आणि खाली अक्षरं, 'बालोद्यान'. तात्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हिरव्या तुकड्यावर बोट टेकवून दाखवत. बागेसमोरच्या प्लॉटांना दर जास्त होता. आजोबा कुरकुरले, पण मी हट्टाने बागेसमोरचाच घ्यायला लावला. पोरगी लहान होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेळताना दिसावी एवढीच माझी इच्छा.

बाग झाली नाही. बाभळी उगवल्या, त्या मुलांनीच तोडून क्रिकेटची पट्टी केली. उन्हाळ्यात आम्ही बायका तिथे कुरडया वाळत घालायचो. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेली बिऱ्हाडं तिथे मुक्कामाला उतरायची आणि कॉलनीतल्या मुलांना कोकरं उचलून घ्यायला मिळायची. तुमची आई त्याच जागेवर सायकल शिकली. बाग नसली तरी जागा होती, आणि ती सगळ्यांची आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

तुमची आई बारावीत गेली त्या उन्हाळ्यात, एका सकाळी त्या जागेच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड दिसला. आदल्या संध्याकाळी तो तिथे नव्हता. आठवड्याभरात दगडाखाली चौथरा आला, चौथऱ्यावर पत्रा आला. मग तात्या वर्गणीला आले.

आमच्या भागात जागा गिळायची ही जुनी रीत आहे. कुंपण घातलं तर लोक विचारतात, देव बसवला तर चपला काढतात. मग देवाच्या दिवाबत्तीला खर्च लागतो, खर्चाला उत्पन्न लागतं आणि उत्पन्नासाठी देवळाच्या मागे दुकानांचे गाळे लागतात. मी रोज पूजा करणारी बाई आहे. म्हणूनच मला या प्रकाराचा इतरांपेक्षा जास्त राग येतो. देवाला असं चौकीदार म्हणून उभं करायचं, आणि वर आम्हालाच नमस्कार करायला लावायचा.

"तात्या, बाग कुठे गेली?" मी दारातच विचारलं.

"वहिनी, देवाचं काम हाय. देवाला जागा नगं म्हनायचं का आता?"

"आणि मागे पाया खणलाय तो कुणाचा? देवाचा?"

"तुमी लई विचारता बघा," तात्या हसून म्हणाले आणि शेजारच्या घरी गेले. शेजाऱ्यांनी वर्गणी दिली. त्यांनी मला नंतर हळूच सांगितलं, "चाललंय ते बरोबर नाही हो." हे हळूच सांगणं मला तात्यांपेक्षा जास्त लागलं.

त्याच सुमारास तुमच्या आईला कॉलेजात प्रकल्प करायचा होता. ती वाणिज्य शाखेला होती. सरांनी 'जमीन व घरे' हा विभाग दिला आणि विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. तिने निवडला, 'प्लॉटची किंमत कशी ठरते'. सर म्हणाले, "वा, छान." त्यांना वाटलं असेल, ही पुस्तकातून उतरवून आणील.

ती पुस्तकाकडे गेलीच नाही. कॉलनीत घरोघर जाऊन तिने एकच प्रश्न विचारला, तुम्ही इथे प्लॉट काय बघून घेतलात? एकाने सांगितलं, कॅनॉलचं पाणी जवळ. एकीने सांगितलं, मुलांची शाळा. पण बहुतेकांनी न ठरवता एकच उत्तर दिलं, बोर्डावरची ती बाग बघून. घरी येऊन ती माझ्यासमोर पोळपाटाजवळ उभी राहिली. कपाळावर घाम, डोळे चमकत होते.

"आई, ही जागा तात्यांनी आधीच विकलीये. आपल्या सगळ्यांच्या प्लॉटच्या किमतीत थोडी थोडी. आणि आता गाळे पाडून तीच परत विकतायत. एक जागा दोनदा."

मी लाटणं खाली ठेवलं. मी इंग्रजी शाळेत आणि पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. इतकी वर्षं खिडकीतून त्या जागेकडे बघत होते, आणि मला हे असं मांडता आलं नव्हतं. सतरा वर्षांच्या पोरीला आलं. मला तिचा किती अभिमान वाटला ते मी तिला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

तिने कच्चं लिहून सरांना दाखवलं. पुढच्या रविवारी सर घरी आले. एकटे नव्हते, तात्यांच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. आजोबांनी त्यांना खुर्च्या दिल्या. तुमची आई दाराला टेकून उभी.

"हुशार आहे मुलगी," सर म्हणाले. "पण हा विषय जरा वादाचा होतो. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना हे पटेल न पटेल. सोपा विषय घे बाळ. गृहकर्ज कसं मिळतं, कागद काय लागतात. स्वच्छ विषय आहे."

"आताचा विषय घाण आहे का सर?" तिने विचारलं.

"तसं नाही गं."

तात्यांनी सुपारी कातरत मध्येच तोंड घातलं. "आवं पोरी, सर आपलंच हायती. तुज्याच भल्याचं सांगत्यात. तिसरा गाळा त्यांचाच हाय की. उद्या वह्या-पुस्तकांचं दुकान टाकतील, तुमालाच सोय व्हईल."

हे तात्या लपवायचं म्हणून बोलले नाहीत आणि कबुली म्हणूनही नाही. कौतुकाने बोलले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तसाच वळून आत नेला आणि चारही कप मोरीत ओतले. बाहेर आजोबांचा आवाज ऐकू आला, "चहा?" मी आतूनच मोठ्याने म्हटलं, "दूध नासलंय."

ते गेल्यावर आजोबा माझ्यावर चिडले. "गुण त्याच माणसाच्या हातात आहेत," ते म्हणाले. "बाग काय आता परत यायचीये का?" मी म्हटलं, बाग येणार नाही, पण जे झालं ते निदान एका ठिकाणी लिहिलेलं राहील. आमचं चांगलंच वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. मी तिला सांगत होते, की मी प्राचार्यांना भेटते, दुसरे सर मागते, तू विषय सोडू नकोस. तिने मान न वळवता सांगितलं, "आई, परीक्षा तुला द्यायची नाहीये."

माझे हात थांबले. मग मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली. परीक्षा तिची होती. पुण्याला जायचं होतं तिला, आणि एकेका गुणासाठी जीव टांगणीला लागलेला. सतरा वर्षांच्या मुलीला दोन मोठ्या माणसांनी अशा कोपऱ्यात उभं करावं, याचा राग मला आजही तेवढाच आहे. तिचा राग आला नाही. तेव्हा तरी नाही.

तिने गृहकर्जावर लिहिलं. सुवाच्य अक्षर, रंगीत चौकटी, मागे बँकेचे कोरे अर्ज चिकटवलेले. तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. सरांनी तो प्रकल्प नमुना म्हणून ठेवून घेतला. वर्षभरात गाळे उभे राहिले, तिसऱ्या गाळ्यात वह्यांसोबत झेरॉक्सचं मशीन आलं, आणि पुढच्या वर्षीची मुलं तिच्या गृहकर्जाच्या प्रती तिथूनच काढून न्यायला लागली. त्याच जागेवर ती सायकलवरून पडली होती. तिच्या गुडघ्यावर अजून तो व्रण आहे, बघा.

तेव्हा मोठे, तुला सांगते. परवा तुझ्या आईने जे तीन शब्द वापरले ते तिचे नाहीत. ते आमच्या पुढच्या खोलीत एका माणसाने म्हटले होते, आणि ती ते इतकी वर्षं जपून ठेवेल आणि समुद्र ओलांडून तुझ्यापुढे ठेवेल असं मला वाटलं नव्हतं. तुमच्या गावातही बोर्ड असतील, बोर्डावर हिरवे तुकडे असतील. घरोघर जा आणि विचार, तुम्ही इथे घर काय बघून घेतलंत. ती जागा आता जाऊन बघ. मग विषय ठरव. सोपा नसेल. शिक्षक काय म्हणतात ते मला कळव, आणि त्यांचं तिथे दुकान आहे का तेही विचारून ठेव.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता गाळ्यांच्या मागच्या भिंती दिसतात, आणि पावसाळ्यात त्यांचं पन्हाळीचं पाणी आमच्या अंगणात येतं. तुमची आई इथे आली की पहिल्यांदा ती खिडकी लावून घेते. डास येतात म्हणते. ती बाहेर गेली की मी उघडते. या सुट्टीत तू येशील तेव्हा पोळ्या लाटायला माझ्याजवळ त्या खिडकीसमोर उभी राहा. प्रश्नांची सुरुवात आपण माझ्या घरापासून करू.