टेबलाच्या उशाकडून आलेला आवाज

इथले अनुभव मी आवडीने वाचते आणि बहुतेकांवर हसतेही... राग मानू नका. मी हृदयाची सर्जन आहे. लोक जिथे जीव असतो म्हणतात तिथे रोज हात घालते, आणि स्नायू, रक्त, थोडी चरबी यापलीकडे मला तिथे कधी काही सापडलेलं नाही. तरीही लिहितेय, कारण हे घडलं माझ्याच थिएटरमध्ये, भरसकाळी, आणि माझ्यासकट तिघांनी ऐकलं.

आम्ही मूळचे वसईजवळच्या वटार गावचे, बागायती करणारे वाडीवाले. आई नोकरीला जायची, म्हणून मला वाढवलं मोठ्या काकीने. वाडीतल्या पाण्याच्या मोटरीवर तिचं राज्य; काकांनाही ती हात लावू द्यायची नाही. मी मुंबईत शिकले, तिथे नाव कमावलं आणि वसईत परतले. इथल्या माणसाला हृदयाची झडप बदलायला मुंबई गाठावी लागू नये ही माझी जिद्द होती. ती मी पुरी केली. बढाई वाटली तर वाटू दे.

मग काकीच्याच हृदयाची झडप बिघडली. अंगणात फिरली तरी धाप लागायची. आम्ही सर्जन शक्यतो घरच्या माणसाचं ऑपरेशन स्वतः करत नाहीत. मी एका सर्जन मित्राचं नाव सुचवलं, तर काकी उखडली.

“तुला न्हाऊमाखू मी घातलं, नि मना परका कापनार? तूच कर. नायतर मी येत नाय.”

तिच्याशी वाद घालून आमच्या घरात कुणी जिंकलेलं नाही. मी तयार झाले. भीती वाटली नाही. माझा माझ्या हातांवर विश्वास होता, आजही आहे.

माझ्या थिएटरमध्ये एक शिस्त आहे. मी सांगितलेलं समोरच्याने मोठ्याने परत म्हणायचं. आणि कुणीही – लादी पुसणाऱ्या मावशींनीसुद्धा – ‘थांब’ म्हटलं की माझे हात थांबणार. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर.

काकीचं हृदय थांबवलं, रक्त फिरवायचं काम मशीनकडे दिलं, नवी झडप शिवली. सुरेख बसली. राहिली काळजी हवेची. हृदय उघडलं की आत हवा शिरते. ती पुरती न काढता मुख्य रक्तवाहिनीवरचा क्लॅम्प सोडला, तर बुडबुडा थेट मेंदूत जाऊ शकतो... मग माणूस लुळा होऊन उठतो, किंवा उठतच नाही. आम्ही हवा काढली. इकोच्या पडद्यावरही काही खटकत नव्हतं.

“क्लॅम्प काढतेय,” मी म्हटलं.

मशीन सांभाळणाऱ्या शिंदेंनी ते परत म्हणायचं. त्याआधीच आवाज आला –

“थांब गो. हवा हाय आत.”

वाडीतल्या मोटरीने हवा धरली, पाणी चढेनासं झालं, की काकी अशीच ओरडायची.

माझे हात थांबले. टेबल डोक्याच्या बाजूने खाली करून घेतलं, हृदय तळव्यात धरून हलवलं, पुन्हा हवा ओढली... आणि सुईतून फेसच फेस! कुठल्या कोपऱ्यात दडला होता, देव जाणे. तो पुरता थांबेपर्यंत मी हवा ओढत राहिले. मग क्लॅम्प काढला. काकीचं हृदय आधी नुसतंच थरथरलं, मग लयीत चालायला लागलं.

“थांब कोण म्हणालं?” मी विचारलं.

शिंदेंनी मशीनच्या घरघरीत काहीच ऐकलं नव्हतं. माझ्यासमोर उभी असलेली सिस्टर ग्रेसी वसईतल्याच होळी गावची, पण तिची बोली वेगळी. ती गोंधळून म्हणाली, “मॅडम, तुम्हीच ना? तुमच्या घरच्या बोलीत होतं. आम्ही असं नाय बोलत.”

थिएटरमध्ये मी घरची बोली कधीच बोलत नाही.

भूल देणारे पाटकर उशाकडे उभे होते. “मॅडम, तुमच्याकडून नाही आला,” ते हळूच म्हणाले. “इथून आला. माझ्या पुढ्यातून.”

त्यांच्या पुढ्यात काकीचा चेहरा होता. डोळ्यांवर पट्ट्या, घशात नळी. ती नळी असताना आवाज फुटत नाही, हे मी स्वतः शिकवते. आणि तेव्हा तिचं हृदय बंद होतं.

मीच नकळत बोलले असेन का? हाही विचार करून झाला. पण त्या आवाजाने मी दचकले होते. स्वतःच्याच बोलण्याला कुणी दचकतं का? बरं, पाटकरांनी सांगितलं त्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी नळी काढली. काकीला हात उचलायला लावले, दोन्ही उचलले. “मी कोण?” विचारलं, तर तिने मला लहानपणीच्या नावाने हाक मारली. आयसीयूत सगळ्यांसमोर मी रडले.

मग न राहवून विचारलं, “काकी, ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तू काही बोललीस का गं?”

“मी? मी तं निजलेली.” ती दमून हसली. “नि बोलली आसती, तरी तू कदी कोनाचा ऐकतेस?”

मी तिला काही सांगितलं नाही, अजूनही नाही. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि या गोष्टीचा उलगडाही माझ्याकडे नाही. त्या सकाळी मी कुणाचं ऐकलं ते मला ठाऊक नाही. ऐकलं, म्हणून काकी आहे.