पाठमोरी आई

कवळीबाई दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडासाठी दात घडवायच्या, पण स्वतःचं तोंड सहसा उघडायच्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची खोली, प्लास्टरचे साचे, मेणाचे तुकडे, गुलाबी हिरड्या; यातच त्यांची तीस वर्षं गेली होती.

वाचनालयातून त्यांनी एक नवी नॉर्वेजियन कादंबरी आणली, अनुवादित. जेवणाच्या सुट्टीत उघडली आणि डबा तसाच राहिला.

"एवढं काय आहे हो त्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. बर्फ उपसतात, बटाटे सोलतात. आणि बाप बोलत नाही."

"मग?"

"मग काय, खाली ठेववत नाही."

कवळीबाईंचे वडीलही तसेच होते. चिडले की पंधरा-पंधरा दिवस अबोला. फारच चिडले तर लेकीला अडगळीच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. इथं कुणीतरी ते सरळ लिहून मोकळं झालं होतं. वाचताना अंगावर काटा यायचा, आणि गंमत म्हणजे मजाही यायची.

आता म्हाताऱ्या आईची नजर गेली होती. रोज संध्याकाळी तिला काहीतरी वाचून दाखवायचा नेम होता. त्या दिवशी कवळीबाईंनी हीच कादंबरी घेतली. मुद्दाम की सहज, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. कादंबरीतला बाप पोरीला लाकडांच्या खोलीत कोंडतो. आई भांडी घासत उभी असते. ती वळून बघत नाही.

"थांब," आई म्हणाली. "तिच्यासमोर खिडकी आहे का गं?"

"आहे."

"मग वळायचं कशाला? दिवा लावला की काचेत सगळं दिसतं. तुझ्या एकाच पायात चप्पल होती."

कवळीबाईंचं बोट ओळीवरच थिजलं. आईला कळलंच नसेल, अशी मनाची समजूत घालून त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

"मग कडी का नाही काढलीस?"

"तू आत असलीस की ते शांत व्हायचे."

कवळीबाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या.

चार दिवस वाचन बंद. दोघींचं बोलणंही औषधापुरतं. आपणही अबोलाच धरलाय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

पाचव्या दिवशी आईनंच विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"मलाही माहीत नाही. वाचू?"

"वाच."

आवाज कोरडा होता, पण त्यांनी एकही ओळ गाळली नाही.