भासऱ्यांचा बेसबॉल

माझ्या भासऱ्यांइतका नियमाचा माणूस अख्ख्या सौंसरात सापडायचा नाही, आणि रोज नवा नियम काढणाराही दुसरा कोणी नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सरकारी शाळेत खेळाचे मास्तर होते. रिटायर झाले तेव्हा शिट्टी शाळेला परत करायची असते, ती त्यांनी केली, आणि घरी येताना बाजारातून दुसरी विकत आणली. तेव्हापासून आमच्या घरात नळ आला तरी शिट्टी वाजते. जामसांवलीला दर्शनाला जायचं तर चपला कोणी कोणाच्या सांभाळायच्या ते घरूनच ठरवून निघतात. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सगळ्या गावाने पत्त्यावरचा जिल्हा बदलला, हे म्हणाले, "मले कोणी सांगतलं नाही." मग तहसीलीत जाऊन विचारून आले, त्यानंतरच बदलला.

त्यांच्या नातीच्या, गुड्डीच्या, शाळेत बेसबॉल सुरू झाला. पोरीने घरी येऊन सांगितलं की मैदान भलं मोठं लागतं, दोन्हीकडे नऊ-नऊ जण लागतात, हातात मोजे लागतात. भासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो खेळ कापून आमच्या अंगणाएवढा केला. बॅट म्हणून कपडे धुवायची मोगरी. चेंडू म्हणजे जुन्या मोज्यात कापूस भरून मी शिवलेला. मारून पळायचं ते आधी हँडपंपाला, मग संत्र्याच्या झाडाला, मग तुळशीला हात लावून परत धुण्याच्या दगडावर पाय ठेवायचा, की एक रन. मध्ये कोणी अंगाला चेंडू लावला तर आऊट. तुळशीला चपला घालून जायचं नाही, म्हणून सगळ्यांनी अनवाणीच पळायचं. शेजारच्या पत्र्यावर चेंडू मारला तर आऊट, कारण क्रिकेटची खोड मोडायची होती. म्हशीला लागला तर मारणाऱ्याने तिला चारा घालायचा. माझा मुलगा अनिल संत्र्याच्या व्यापारात आहे, घरी येऊन जेवायला त्याला फुरसत नसते, पण एका उन्हाळ्यात त्याने म्हशीला इतका चारा घातला की ती त्याला पाहून हंबरायला लागली.

माणसं कमी पडायची म्हणून मलाही घेतलं. मी पळू शकत नाही, तर त्यावर नियम निघाला की म्हातारं माणूस चालत असेल तर त्याला आऊट करणाऱ्यानेही चालतच यायचं. मग अडचण आली ती वेगळीच. मी त्यांची भावसून, धाकट्या भावाची बायको. आमच्यात भासरा आणि भावसून एकमेकांना शिवत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर सरकलेला नाही, आणि थेट बोलणंही नाही. बोलायचं ते मधल्या माणसाला सांगायचं, मधलं माणूस नसेल तर म्हशीला. "चहा थंडा होऊन राहिला," असं मी म्हशीला कितीदा सांगितलं असेल. आता हे मला चेंडू कसा लावणार? भासरे खाटेवर बसून विचार करत राहिले आणि गुड्डीला म्हणाले, "बॉल म्हणजे हाताचाच पुढचा भाग. हात लागत नाही तं बॉलही लागणार नाही. लहान्या आजीले मी आऊट करणार नाही, बाकीच्यांनी करा."

अनिलला तेच पाहिजे होतं. मोठबाबाच्या, म्हणजे भासऱ्यांच्या, हातात चेंडू दिसला की तो ओरडायचा, "आई, निघ." मी पदर सावरत त्यांच्या समोरून जायची, आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे.

यंदा अनिलने अंगणात क्रेट ठेवायला शेड घालायचं ठरवलं. दोघा भावांचं अंगण एकच, त्यामुळे मोठबाबाला विचारणं भाग होतं. भासरे म्हणाले, "मंग खेळ कुठी खेळायचा?"

अनिल म्हणाला, "इतवारी फैसला करू. तुम्ही जिंकले तं शेडची गोष्ट काढणार नाही. मी जिंकलो तं सोमवारी पत्रे येतीन."

त्या रात्री भासरे नीट जेवले नाहीत, असं जाऊबाई सांगत होत्या.

इतवारी खेळ बरोबरीत आला आणि शेवटची पाळी आमची, अनिलच्या बाजूची, होती. मी तुळशीला हात लावून उभी होते. दगडावर पाय ठेवला की आम्ही जिंकणार. सूनबाईने, अनिलच्या बायकोने, चेंडू मारला, मी निघाले. गुड्डी चेंडूमागे धावली, झाडापाशी घसरून पडली आणि पडल्यापडल्या तिने चेंडू आजोबांकडे फेकला. तो त्यांच्या हातात बसला. ते दगडाच्या शेजारीच उभे होते, जवळ दुसरं कोणी नव्हतं.

खरं सांगते, शेड मलाही पाहिजे होती. क्रेटला ऊन लागतं. मी सरळ चालत गेले. त्यांनी चेंडूचा हात पाठीमागे धरला, चुकून लागू नये म्हणून, आणि मला जायला जागा व्हावी म्हणून बाजूला सरकले. अंगण जाऊन राहिलं होतं त्यांचं, आणि माणूस मलाच वाट करून देत होता.

मी दगडाच्या अलीकडे खाली बसले.

"आई, काय करून राहिली? एक पाऊल ठेव नं," अनिल म्हणाला.

"गुडघा धरला."

"आत्ताच धरला?"

"त्याले तुले विचारून धरा लागते का?"

गुड्डी उठून आली. "आजोबा, लहानी आजी आऊट का सेफ?"

 भासरे तिला म्हणाले, "बसलेला माणूस आऊट नाही, आतही नाही. तो उठून पाय ठेवीन तेव्हा फैसला."

"अन् नाहीच ठेवला तं?" अनिलने विचारलं.

"तं खेळ चालू आहे."

पत्रे काही आले नाहीत. अनिलने क्रेट पांढुर्ण्याला भाड्याच्या जागेत ठेवले आणि माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. भासऱ्यांना आता कमी दिसतं. चेंडू आला की आवाजावरून हात पुढे करतात, तो भलतीकडेच जातो, आणि पोरं तरीही आऊट होतात.

मी रोज सकाळी अंगण झाडते, हँडपंपाच्या दोन बादल्या भरून आत नेते, ते खाटेवरून ऐकत असतात. संध्याकाळी गुड्डी त्यांचा निरोप घेऊन येते, "आजोबा विचारून राहिले, गुडघा कसा आहे?"

"म्हणावं, दुखूनच राहिला," मी सांगते. "अन् हा चहा घेऊन जा."