सुरी न लागलेलं गाणं

पदवी घेऊन मी बेटावर परतले. काम मिळालं ते गावच्या दुकानात, मटणाच्या काउंटरवर. तिथे गुनवोर होती. वय एकोणसत्तर, हातात सुरी.

"एइरिन, पाच वर्षं साहित्य शिकलीस म्हणे," ती म्हणाली. "मग म्हण, सिल्डेतोन्ने."

म्हणजे आमच्या बोलीत हेरिंग माशांचं पिंप. मी शब्द म्हटला.

"आता ठोक."

मी काउंटरवर चारदा बोट आपटलं, चारही वेळा सारखंच. गुनवोर हसत हसत खाली बसली. मग उठून तिने सुरीच्या पाठीने फळीवर ठोकून दाखवलं. 'सिल्' जोरात, 'डे' हलकं, 'तोन्' मध्यम, 'ने' जेमतेम.

"जोडशब्दात पहिला गडी ओझं उचलतो. दुसरा नुसता हात लावतो. आणि ओळ संपली, शब्द तोडावाच लागला, तर सांध्यावर तोडायचा. हाडावर नाही. मेंढी कापतो तसा."

पाच वर्षांत हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

लग्न असो, पोरांचं चर्चमधलं कन्फर्मेशन असो, कुणाची पन्नाशी असो, आमच्याकडे घरचे लोक गाणं रचतात. चाल सगळ्यांना येणारी, शब्द नवे. प्रत्येक ताटाशेजारी छापील कागद. गाणी बहुतेक भयंकर असतात. म्हणून लोक आधी गुनवोरकडे येत. एक किलो खिमा न्यायचा आणि सात कडवी तपासून घ्यायची. ती मटण गुंडाळायच्या कागदावर ठोके मांडायची, शब्द पुढेमागे सरकवायची. चाळीस वर्षांत बेटावरचं एकही गाणं तिच्या सुरीखालून सुटलं नव्हतं.

तिचं स्वतःचंसुद्धा.

"साठाव्या वाढदिवसाला ओडवार माझ्यावरचं गाणं माझ्याचकडे घेऊन आला," ती म्हणाली. ओडवार गावचा वीजतंत्री आणि प्रत्येक समारंभाचा सूत्रधार. "म्हणाला, जरा बघून दे, तुझ्यापुढे चुकायला नको."

"मग?"

"मग काय! दिलं नीट करून. सगळ्यांनी झकास म्हटलं. मी ताटात बघत बसले. माझंच लिहिलेलं मलाच ऐकवत होते गाढव!" तिने मेंढीचा एक फरा दोन घावांत मोकळा केला. "सत्तरीला मला दुसऱ्या कुणीतरी केलेलं गाणं हवंय. वाकडं चालेल. पण माझी सुरी न लागलेलं."

ते काम माझ्याकडे आलं.

मी तीन आठवडे लिहीत होते. अक्षरं बोटांवर मोजली. कागद छापून आले आणि मग मला दिसलं. तिसऱ्या कडव्यात मी तिला 'शोत्तदिस्कद्रोनिंगा' म्हटलं होतं. मटणाच्या काउंटरची राणी. अक्षरं बरोबर होती. ओझं मात्र भलत्याच्या डोक्यावर होतं. बोलताना जोर 'शोत्त'वर, चालीचा ठोका 'निं'वर.

उपाय पाच पावलांवर उभा होता, खिमा करत.

"एप्रनच्या खिशात काय आहे?" गुनवोरने विचारलं.

"काही नाही."

"चेहरा तर शिळ्या कॉड माशासारखा झालाय."

"काही नाही म्हटलं ना!"

"बरं बाई. खांद्याचे तुकडे कर."

मी तुकडे केले. हाडावर.

शनिवारी सभागृह भरलं. मटण-कोबी झाला. क्रीमचे केक आले. ओडवारने ग्लासवर चमचा वाजवला.

"मित्रहो, सात कडवी आहेत. कॉफी ज्याची त्याने सांभाळावी!"

पहिली दोन कडवी सुरळीत गेली. तिसऱ्यात राणी आली. अर्ध्या सभागृहाने 'शोत्त'वर जोर दिला. उरलेल्यांनी चालीमागे धावत 'निं'वर. ओडवार मधेच 'दिस्क'वर अडकून बसला. पाद्रीबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि एकट्याच उंच सुरावर उभ्या राहिल्या. कुणाच्या तरी नाकातून कॉफी आली.

मग गाणं थांबलं. सगळ्यांच्या माना गुनवोरकडे. तिने केकची सुरी उचलली. आता ठोकून दाखवणार. मग हेही गाणं तिचंच होणार.

तिची बोटं सुरीच्या पाठीवरून फिरली. थांबली. पुन्हा फिरली. मग तिने सुरी केकमध्ये उभी खुपसली आणि सोडून दिली.

"पुन्हा," ती म्हणाली.

"नीट करून म्हणू का?" ओडवारने विचारलं.

"खबरदार! लिहिलंय तसंच. पहिल्यापासून."

आम्ही पुन्हा म्हटलं. पुन्हा कोसळलो. तिसऱ्यांदा लोक खुर्च्यांवर उभे होते. पाद्रीबाई टेबलाला धरून हसत होत्या. सगळ्यात मोठ्याने गुनवोर गात होती, आणि प्रत्येक वेळी 'निं'वर सगळं ओझं टाकत होती. तिचे गाल ओले होते. माझेही.

सोमवारी काउंटरच्या वर गाण्याचा कागद लटकत होता. ओडवार भाचीच्या लग्नाची नऊ कडवी घेऊन आला. त्याची नजर वर गेली.

"हे एक तरी आता दुरुस्त कर ना," तो म्हणाला. "येणारेजाणारे बघतात."

"बघू देत," गुनवोर म्हणाली. "चॉप्स किती देऊ?"