तिळगूळ घ्या, गोड बोलू नका

सुप्रभामावशी स्वतःजवळ सुटी नाणी ठेवत नसत. दुकानात चिल्लर परत मिळाली की काउंटरवरच्या मदतनिधीच्या डब्यात टाकत. बेलग्रेव्ह रोडवरून जाताना मध्येच पलीकडे जात, थोडं चालून पुन्हा अलीकडे येत. सुई ओवताना जीभ गालात धरत. चहा संपला की कप लगेच विसळत. ‘दोन मिनिटं’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. “आले,” म्हणत, आणि आलेल्याच असत.

मी इंग्लंडात लेस्टरला शिकायला आले तेव्हा त्यांच्याकडची मागची खोली भाड्याने घेतली. घर त्यांच्या मुलीचं, श्रद्धाचं. मावशी निवृत्त झालेल्या. इस्पितळाच्या शिवणखोलीत पडदे, गाऊन, चादरी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची नात सान्वी जवळच्या शाळेत होती. तिला दुपारी घरी आणायला एक शेजारीण जायची. आजी घरात असताना शेजारीण का, असं मी सहज विचारलं.

मावशी मटार सोलत होत्या. थांबल्या नाहीत.

“ते काम माझंच होतं. मी घालवलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर त्या बेटिंग शॉपमध्ये, जुगाराच्या दुकानात, जायला लागल्या. तिथे मशीनवर पैसे लावून रूले खेळत. “आत ऊब असायची गं. चहा द्यायचे. कुणीतरी हाक मारायचं.” लहान मुलांना आत जाता येत नाही. एका दुपारी त्यांनी सान्वीला दाराशी उभं केलं आणि दोन मिनिटं थांब म्हटलं. बाहेर आल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. पोरीचा कोट चिंब भिजला होता.

घरी श्रद्धाने उशीर का झाला विचारलं. मावशींच्या आधी सान्वीच बोलली. “आजी पोस्टात होता. मोठा लाइन होता.”

“तिला मराठीत धड बाई-पुरुष कळत नाही,” मावशी म्हणाल्या. “पण खोटं इतकं सफाईने बोलली, की मीच गार पडले. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यासाठी शिकली.”

त्यांनी तिथेच, सान्वीसमोर, श्रद्धाला खरं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारीण जाऊ लागली.

मावशींना ते काम परत हवं होतं. पण शाळेवरून घरी यायला तोच रस्ता, आणि त्या रस्त्यावर तीच दुकानं. त्याच सुमाराला कायदा बदलला होता. आपण होऊन ‘मला आत घेऊ नका’ असं सांगता यावं, ही सोय दुकानांना ठेवावीच लागणार होती. फॉर्म भरायचा, फोटो द्यायचा, सही करायची. मग मुदत संपेपर्यंत तुम्ही दिसलात तर त्यांनी तुम्हाला बाहेर काढायचं. मात्र एकदा सही केली की सगळीकडे बंदी, असं नव्हतं. ज्या त्या दुकानात स्वतः जायचं आणि ओशाळवाणं व्हायचं.

मावशींनी संक्रांत निवडली.

“तसंही घरोघर जातोच की आपण,” म्हणाल्या. “यंदा दारं वेगळी.”

मी सोबत गेले. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती, वर जाड कोट. हातात तिळगुळाचा डबा. प्रत्येक दुकानासाठी दोन फोटो, एक लोकरी टोपी घालून, एक बोडक्या डोक्याने. “थंडीत नाही ओळखलं असं म्हणायला नको कुणी.” दार ढकलायच्या आधी पदर नीट करत आणि नव्या घरी हळदीकुंकवाला जावं तशा आत जात. मी खाली बघत होते. त्या बघत नव्हत्या.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा मॅनेजर हितेश, तरुण गुजराती मुलगा. मावशींना पाहताच हसला.

“आवो मासी, चाय?”

“चहा नको. फॉर्म दे.”

“अरे मासी, तुम्ही तर घरच्या. तुम्हाला कसला फॉर्म? थोडे दिवस ब्रेक घ्या, बस.”

“तू फार गोड बोलतोस रे,” मावशी म्हणाल्या. “त्यानेच घात झाला.” त्यांनी डबा पुढे केला. “तिळगूळ घे. आणि वर्षभर माझ्याशी गोड बोलू नकोस.”

तो हसायला गेला आणि थांबला. फॉर्म काढून दिला. मावशींनी सही केली, फोटो ठेवले. निघताना म्हणाल्या, “टोपीवाला वर लाव.”

फेब्रुवारीत श्रद्धाने शेजारणीला नको सांगितलं. मावशी सान्वीला आणू लागल्या.

त्या मोहात पुन्हा पडल्याच नाहीत, असं नाही. पावसाळी शरदातल्या एका सकाळी त्या घरी आल्या तेव्हा चेहरा लाल होता. मला वाटलं, पडल्या.

“हितेशच्या दुकानात गेले होते,” म्हणाल्या. “पाय आपोआप वळले. मशीनपर्यंत पोचले. तो काउंटरमागून धावत आला. सगळ्यांसमोर म्हणाला, मासी, आउट. चहासुद्धा विचारला नाही मेल्याने.”

त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसत होत्या.

“तिळगूळ लागू पडला गं.”

मी साहित्य शिकलेली. धैर्यावर मी निबंध लिहिले होते. त्या सकाळी मला फक्त चहा करायला सुचलं.

या संक्रांतीला मुदती संपत होत्या. मावशींनी पुन्हा तीळ भाजले, पुन्हा फोटो काढले. बाकीची दुकानं झाली. हितेशचं राहिलं. “तो बडबड्या आहे, वेळ लागेल,” म्हणाल्या. “रथसप्तमीपर्यंत चालतो तिळगूळ.” पुढच्याच रविवारी, सान्वीच्या गणवेशाला बटण लावताना, बसल्या जागीच त्या गेल्या. सुई ओवलेली होती.

सध्या सान्वीला मी आणते. काल मावशींचा तिळगुळाचा डबा माझ्या पिशवीत होता, त्यात हितेशसाठी काढलेले ते दोन फोटो. का घेतला होता, सांगता येणार नाही. कोपऱ्याच्या आधी सान्वी आपण होऊन रस्ता ओलांडायला लागली. मी तिला थांबवलं. तिचा हात धरूनच दुकानाच्या दाराशी उभी राहिले. काचेतून पाहून हितेश बाहेर आला.

“मासी नाही आल्या? मुदत संपलीये त्यांची. सांगा, मी फॉर्म काढून ठेवलाय. सही त्यांचीच लागेल.”